जुनी जपानी तलवार घेताना: आधी पातं वाचा, नाव शेवटी

माझ्या पहिल्या वाकिझाशीच्या, म्हणजे आखूड जपानी तलवारीच्या, धारेत केसाएवढी चीर निघाली. ऑनलाइन लिलावात तिचे सहा फोटो होते आणि सहाही झकास. मुठीला रेशमी वीण, म्यानावर लाखेची झिलई, आणि मूठ काढल्यावर दिसणाऱ्या लोखंडावर कोरलेली पाच कांजी, म्हणजे चिनी वळणाची जपानी अक्षरं. ती अक्षरं लावण्यात मी दोन रात्री घालवल्या. धारेकडे नीट पाहिलंच नाही. तलवार हातात आल्यावर एका जाणत्या जपानी गृहस्थांकडे घेऊन गेलो. त्यांनी पातं दिव्याखाली दोनदा कलतं केलं, बोट न लावता एका जागेकडे खूण केली आणि शांतपणे म्यानात सरकवलं. कोरलेलं नाव त्यांनी वाचलंसुद्धा नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण मला त्या दिवशी नीट कळली.

नवखा माणूस नावापासून सुरुवात करतो. जाणकार आकारापासून सुरुवात करतो, मग पोलाद पाहतो, मग धारेवरचं पाणी, मग मुठीतला भाग, आणि नाव सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पैसे काढण्याआधी

पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. तोक्योत असाल किंवा फिरायला जाणार असाल तर र्‍योगोकूचं जपानी तलवार संग्रहालय गाठा. ते २०१८ पासून जुन्या यासुदा बागेच्या आवारात आहे. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातही तलवारींचं दालन असतं. ओकायामाकडे जाणं झालं तर ओसाफुने चुकवू नका. जुन्या काळी बिझेन म्हणत तो हा प्रांत, आणि जपानी तलवारींचा फार मोठा वाटा याच गावाच्या आसपास घडला.

ओकायामाशी आपलं एक जुनं नातंही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६-४७ मध्ये जपानमध्ये जी भारतीय फौज होती तिच्या ताब्यात ओकायामा, शिमाने, तोत्तोरी हा टापू होता आणि त्या फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. बिझेनच्या पोलादाच्या गावाजवळून आपली माणसं गस्त घालून गेली असतील, या विचाराने मला ओसाफुनेत उगाचच घरच्यासारखं वाटलं.

संग्रहालयात काचेसमोर गुडघ्यात वाकून, डोकं वरखाली करत उभे असलेले लोक दिसतील. त्यांना हसू नका, त्यांच्यासारखंच करा. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून सरकलं की जे दिसतं ते सरळ उभं राहून दिसत नाही.

थोडे शब्द सुरुवातीलाच पाठ करावे लागतात. मुठीत जाणारा भाग म्हणजे नाकागो. मूठ पात्याला अडकवून ठेवणारी बांबूची खुंटी ती मेकुगी. मूठ आणि पातं यांच्यामधली चकती म्हणजे त्सुबा आणि पात्याच्या बुडाशी बसणारी धातूची पट्टी म्हणजे हाबाकी. पाठ ती मुने, टोक ते किस्साकी, वाक म्हणजे सोरी. साधं, लाख न दिलेलं लाकडी म्यान असेल तर ते शिरासाया. ही तलवारीची घरातली कापडं समजा, बाहेरचा पोशाख म्हणजे कोशिराए.

पहिली पायरी: लांबी आणि आकार

लांबी मोजायची ती टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. मुठीतला भाग त्यात मोजायचा नाही. जपानी माप शाकू, म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. एक शाकूहून कमी ती तांतो, एक ते दोन शाकू वाकिझाशी, आणि दोन शाकूच्या, म्हणजे ६०.६ सेंटिमीटरच्या वर कताना किंवा ताची. कताना कमरेच्या पट्ट्यात धार वर करून खोचतात, ताची धार खाली ठेवून लटकवतात. हा फरक नुसता पेहरावाचा नाही. नाव कोरताना कारागीर ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे लोकांना दिसेल त्या अंगाला कोरतो. त्यामुळे धार वर की खाली यावरून नावाची बाजू बदलते. याला अपवादही आहेत: हिझेन प्रांतातले तादायोशी घराण्याचे कारागीर कतानावरही ताचीच्या बाजूला नाव कोरत.

आता आकार. म्यान बाजूला ठेवून पातं हातभर लांब उभं धरा आणि फक्त बाह्यरेषा पाहा. कामाकुरा काळाच्या सुरुवातीची, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीची, ताची मुठीजवळ खोल वाकलेली असते आणि टोकाकडे निमुळती होत लहान किस्साकीत संपते. चौदाव्या शतकात, नानबोकुचो काळात, पाती अवाढव्य झाली: रुंद, लांब टोकाची. ती पुढे वापराला जड वाटू लागली म्हणून बुडाकडून कापून आखूड केली गेली. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांत झटकन उपसता येईल अशी तोकडी, टोकाकडे वाक असलेली कताना आली. १६६१ ते १६७३ या कानबुन वर्षांतली पाती जवळजवळ सरळ आणि टोकाकडे बरीच अरुंद असतात. एकोणिसाव्या शतकात पुन्हा नानबोकुचोच्या थाटाची भरदार पाती घडवली गेली. ती जुन्यासारखी दिसतात, पण हातात घेतली की जड लागतात, कारण त्यांना शतकानुशतकांच्या घासकामाची झीज लागलेली नसते.

जपानी अभ्यासक काळाचे मोठे कप्पे करतात: १५९६ पर्यंतच्या कोतो, नंतर सुमारे १७८० पर्यंतच्या शिन्तो, पुढे १८७६ पर्यंतच्या शिनशिन्तो, आणि त्यानंतरच्या गेन्दाइतो. १८७६ हे वर्ष आलं कुठून? त्या साली सरकारने तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी घातली आणि एका रात्रीत कारागिरांचं गिऱ्हाईक संपलं.

दुसरी पायरी: पोलाद आणि पाणी

आपल्याकडे चांगल्या तलवारीला पाणीदार म्हणतात. जपानी तलवारीचं हे पाणी शब्दशः डोळ्यांनी पाहता येतं. धार कडक व्हावी आणि पाठ लवचिक राहावी म्हणून कारागीर पात्यावर चिकणमातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. तापवून पाण्यात बुडवलं की धार झपाट्याने थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होते. दोन्हींच्या सीमेवर जी दुधाळ रेघ उमटते ती हामोन. पात्याचा वाकही बराचसा याच क्षणी येतो.

हामोन पाहायला ट्यूबलाइट निकामी. एकच उघडा बल्ब किंवा छोटा एलईडी दिवा घ्या, खोली अंधारी करा आणि दिव्याकडे पात्याचं टोक रोखून हलकेच कलतं करा. रेघेत सुटे चमकते कण दिसले तर ते निए, आणि धुक्यासारखी मऊ पट्टी दिसली तर ती निओई. बिझेनची जुनी पाती निओईची, तर कामाकुराच्या सोशू परंपरेची पाती निएने भरलेली. परंपरा मुख्यतः पाच धरतात: यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो. म्हणजे साधारण आजचे नारा, क्योतो, ओकायामा, कामाकुरा आणि गिफू.

इथे नवख्याची हमखास फसगत होते. आधुनिक झिलईत कारागीर हामोनच्या आसपासचा भाग दगडाने पांढरट करतो. याला हादोरी म्हणतात. तो पांढरा पट्टा म्हणजे हामोन नव्हे. खरा हामोन त्या पट्ट्याच्या आत, दिव्याच्या उजेडात वेगळ्याच वळणाने जाताना दिसतो. फोटोत तर फक्त हादोरीच दिसते.

हामोनच्या वर, पाठीकडच्या भागात, पोलादाची वीण दिसते. ती हादा. कच्चं पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकल्यामुळे तिच्यात लाकडासारखे पदर उमटतात: कधी फळीसारखे, कधी गाठीसारखे, कधी सरळ रेघांचे. यामातोच्या पात्यांत सरळ रेघा जास्त. ही वीण ओळखायला वर्षं लागतात. मला अजूनही दहातली चार चुकतात.

तिसरी पायरी: दोष

भाव दोषांवर ठरतो, म्हणून इथे घाई नको. सगळ्यात वाईट म्हणजे हागिरे, धारेपासून आत, धारेला काटकोनात गेलेली चीर. माझ्या वाकिझाशीत निघाली ती हीच. ती फोटोत दिसत नाही, दिव्याखाली कलतं केल्यावर क्षणभर काळ्या केसासारखी दिसते. हागिरे असलेलं पातं संग्राहकाच्या दृष्टीने मेलेलं. टोकाजवळ हामोनच्या आसपास चंद्रकोरीसारखी चीर असेल तर तिला कावळ्याची चोच म्हणतात, तीही तितकीच घातक.

त्यानंतर आगीत सापडलेली पाती. घराला, किल्ल्याला आग लागली की धारेचा कडकपणा जातो आणि मग कोणीतरी ती पुन्हा पाण्यात बुडवून हामोन आणतो. असं पातं सुंदर दिसेलही, पण त्याची मूळ ओळख गेलेली असते. बुडाजवळ धुरकट तिरकी सावली दिसली तर संशय घ्या.

बाकी दोष तडजोडीचे. पदर सुटून आलेली बारीक फट, फुगा, त्यावर बसवलेलं ठिगळ, वारंवार घासून आतलं मऊ लोखंड डोकावू लागलेली जागा. सातशे वर्षांच्या पात्यात एखादी फट समजून घ्यावी. साठ वर्षांच्या पात्यात नाही.

चौथी पायरी: नाकागो

मूठ काढण्याआधी विचारा. दुकानदाराची तलवार स्वतः उघडू नका. मेकुगी निघाली आणि मूठ सरकली की आत गंजलेलं लोखंड दिसेल, आणि हा गंज म्हणजे त्या तलवारीचा जन्मदाखला आहे. जुन्या पात्याच्या नाकागोवर काळसर तपकिरी, गुळगुळीत, आतून आल्यासारखा गंज असतो. नव्याचा लालसर, कोरडा. रसायनाने आणलेला गंज नारिंगी, फुसफुशीत आणि सगळीकडे सारखा.

गंज कधीही घासू नका. लिंबू नको, सँडपेपर नको, घरात असलेलं कुठलंही चकाकी आणणारं द्रव्य नको. माळ्यावर सापडलेली आजोबांची तलवार चकचकीत करून आणणाऱ्यांनी जितका इतिहास पुसला असेल तितका युद्धांनीही पुसला नसेल.

नाकागोवर कानशीच्या रेघा असतात, त्यांचा कल घराण्यागणिक बदलतो. खुंटीची भोकं एकापेक्षा जास्त असतील तर पातं बहुधा आखूड केलेलं आहे. खूप आखूड केलं असेल तर नाव कापून गेलेलं असतं. बिननावाचं पातं म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही. कामाकुरा आणि नानबोकुचो काळातल्या कितीतरी श्रेष्ठ पात्यांची नावं अशीच कातरली गेली आहेत.

पाचवी पायरी: नाव

आता वाचा. साधारण क्रम असा: प्रांत, गाव, कारागिराचं नाव. मागच्या बाजूला कधीकधी वर्ष आणि महिना. नावात पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं थोडीच आहेत: कुनी, मुने, काने, मासा, योशी, हिरो, सुके, मित्सु. ही आठ ओळखता आली तरी अर्धं काम झालं. पण एक नाव म्हणजे एक माणूस नव्हे. ओसाफुनेचा सुकेसादा हे नाव घेणारे कारागीर डझनांनी होते, आणि लढायांच्या काळात घाऊक काढलेल्या पात्यांवरही तेच नाव आहे.

खोट्या नावाला गिमेई म्हणतात, आणि ही कला तलवारीइतकीच जुनी आहे. सतराव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, नावाजलेल्या कोतेत्सूबद्दल जपानीत म्हणतातच की कोतेत्सू दिसला की खोटा समजावा. तपासायला भिंग घ्या. खऱ्या जुन्या अक्षरांच्या खाचेत आणि बाहेर गंज एकसारखा असतो. नंतर कोरलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात किंवा खाचेतला रंग वेगळा असतो. आणि आकार सांगतो सतरावं शतक, हामोनही तेच सांगतो, पण नाव चौदाव्या शतकातलं, तर नाव खोटं. म्हणून नाव शेवटी.

कागदपत्रं

जपानमध्ये प्रत्येक तलवारीबरोबर नोंदणी प्रमाणपत्र असतं, तोरोकुशो. ते त्या त्या प्रांताचं शिक्षण मंडळ देतं. त्यावर प्रकार, लांबी, वाक, भोकांची संख्या आणि नाव लिहिलेलं असतं. टेप काढून प्रत्येक आकडा तपासा. जुळत नसेल तर खरेदी थांबवा. मालक बदलला की वीस दिवसांत त्याच मंडळाला कळवावं लागतं. आणि हे घोकून ठेवा: तोरोकुशो म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. त्यावर लिहिलेलं नाव म्हणजे फक्त लोखंडावर जे कोरलंय ते. कित्येक विक्रेते नवख्यासमोर हा कागद अशा थाटात धरतात की जणू पदवीच.

अस्सलपणाचं मत देणारी सर्वांत मान्य संस्था म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कला-तलवार जतन संस्था, र्‍योगोकूचं संग्रहालय चालवणारी. तिच्या प्रमाणपत्रांच्या चार पायऱ्या, चढत्या क्रमाने: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. यातल्या पहिल्या दोन, होझोन आणि तोकुबेत्सु होझोन, १९८२ पासूनच्या. त्याआधीच्या जुन्या प्रमाणपत्रांवर, विशेषतः मोठं नाव असेल तर, डोळे झाकून विसंबू नका, पुन्हा तपासणीला देण्याची अट घाला. पहिल्या खरेदीसाठी माझा सल्ला एकच: होझोन असलेली, झिलई ठीक असलेली वाकिझाशी. त्याच दर्जाच्या कतानापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. झिलई नसलेली गंजकी तलवार 'स्वस्तात' घेऊन पुढे झिलई करून घ्यायचा बेत बहुतेक वेळा अंगलट येतो. दगडांवर हाताने होणाऱ्या त्या कामाचा खर्च तलवारीच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो.

युद्धकाळातल्या आणि खोट्या तलवारी

जपानबाहेर सर्वाधिक सापडतात त्या लष्करी तलवारी. १९३५ च्या नमुन्याची बिनसनदी अधिकाऱ्यांची तलवार यंत्रावर बनलेली: धातूची ओतीव मूठ आणि पात्यावर ठोकलेला क्रमांक. ती लष्करी वस्तू म्हणून जमवा, पण कलेची तलवार म्हणून पैसे मोजू नका. जपानमध्ये तिची नोंदणीच होत नाही. अधिकाऱ्यांची तलवार मात्र उघडून पाहावी. लष्करी पोशाखात कधीकधी घराण्यातलं चारशे वर्षांचं पातं निघतं. नाकागोवर छोटा शिक्का असेल तर पातं बहुधा युद्धकाळातलं, पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं.

सरळसरळ बनावट तलवारी ओळखायला सोप्या. हामोन आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेला, त्यामुळे दिवा कुठूनही पाडा, तो सारखाच दिसतो. टोकाजवळची आडवी रेघ नुसती ओरखड्यासारखी. पदर इतके ठळक की दोन हातांवरून दिसावेत.

देशाबाहेर नेताना

जपानमधून तलवार बाहेर न्यायला सांस्कृतिक कामकाज खात्याचं निर्यात प्रमाणपत्र लागतं आणि तोरोकुशो परत करावा लागतो. चांगला विक्रेता हे स्वतः करतो. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरलेली तलवार बाहेर जाऊच शकत नाही.

भारतात आणायचं म्हणत असाल तर थांबा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवारीही येतात आणि आयातीला परवाना लागतो. 'शोभेची आहे हो' हे उत्तर कस्टमवर चालत नाही. आधी परवाना कार्यालयात लेखी विचारणा, मग पैसे. ब्रिटनमध्ये वाकड्या लांब तलवारींवर २००८ पासून बंदी आहे, पण शंभर वर्षांहून जुन्या पात्यांना, तसंच पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या पात्यांना सूट आहे, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींनी वयाचा कागद जपून ठेवावा.

हाताळणं आणि जपणूक

अंगठी काढा, घड्याळ काढा. म्यान आडवं, धार वर. पातं पाठीवर सरकवत बाहेर काढा, म्हणजे धार लाकडाला लागत नाही. पात्यावर बोट नको, तोंड जवळ नेऊन बोलणं नको. घामाचा एक ठसा आठवड्यात गंज होतो. दुसऱ्याच्या हाती देताना धार स्वतःकडे ठेवा. काढण्याआधी खुंटी पक्की आहे ना, हे दर वेळी पाहा. ती सैल असेल तर पातं मुठीतून निसटून पायावर येतं.

जुनं तेल मऊ कागदाने किंवा स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि चोजी तेलाचा अगदी पातळ हात द्या. चोजी म्हणजे लवंग, म्हणून तो डबा उघडला की आपल्याला दाताच्या औषधाचीच आठवण होते. तेल ओघळेल इतकं लावू नका, म्यानात मुरून धूळ धरतं. पांढऱ्या पुडीचा पारंपरिक बोळा दिसायला छान असला तरी सारखा वापरला तर झिलईवर बारीक ओरखडे येतात. नाकागोवर तेल नको, फक्त कोरडं फडकं. पावसाळी दमट हवेत महिन्यातून एकदा पाहणी पुरे, आणि चामड्याच्या पिशवीत तलवार कधीच ठेवू नका.

हे सगळं मी चीर पडलेल्या त्या वाकिझाशीवरच शिकलो. तिचं आता काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही, त्यामुळे हात थरथरत नाही.